पामीर हायवेला जाताय? गाडी नंतर ठरवा, आधी रोज किती उंचीवर झोपणार ते लिहून काढा

ताजिकिस्तानचा पामीर हायवे आपल्या लोकांच्या यादीत आला त्याला आता बरेच दिवस झाले. लडाख झालं, स्पिती झालं, मग पुढे काय तर हे. आणि मला जे मेसेज येतात त्यात दर वेळेला त्याच चुका दिसतात. विमानाचं तिकीट काढून झालेलं असतं, आठ दिवसांची रजा मंजूर झालेली असते, आणि मग प्रश्न येतो की ओशवरून सुरू करू की दुशान्बेवरून, आणि परमिट वगैरे काही लागतं का. म्हणजे शेवटून सुरुवात. म्हणून हे सगळं एकदाच क्रमाने लिहून टाकतोय. तो भाग किती सुंदर आहे ते यात नाहीये, फोटो तुम्ही बघितलेलेच आहेत.

आधी भूगोल दोन ओळीत. पामीर पर्वतरांगांचा ताजिकिस्तानातला भाग म्हणजे गोर्नो-बदख्शान हा स्वायत्त प्रांत, मुख्य गाव खोरोग. एम ४१ नावाचा रस्ता, म्हणजेच पामीर हायवे, राजधानी दुशान्बेहून खोरोग, मुरगाब, काराकुल करत किर्गिझस्तानच्या ओशला जातो, साधारण साडेबाराशे किलोमीटर. मधे कित्येक तास पंज नदीच्या काठाकाठाने जातो आणि नदीपलीकडे अफगाणिस्तान. खोरोगवरून मुरगाबला जायचे दोन मार्ग, एक सरळ एम ४१, दुसरा खाली इश्काशिमवरून वाखान खोऱ्यातून वळसा घालून. हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

१. तारखा: सीझन आणि दिवस

जूनअखेर ते सप्टेंबरचा मध्य. एवढाच काळ धरा. मे महिन्यात आपल्याकडे शाळेला सुट्टी असते म्हणून लोक मे धरतात, पण तेव्हा तिकडे बर्फ वितळून दरडी येत असतात आणि वरच्या खिंडींचा भरवसा नसतो. जुलैत बारतांगसारख्या बाजूच्या खोऱ्यांत नदीला पाणी इतकं येतं की रस्ताच पाण्याखाली जातो. पहिल्यांदा जात असाल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबरचा पहिला, हा माझ्या मते सगळ्यात बरा.

दिवस किती? दुशान्बे ते दुशान्बे १४. ऐकायला जास्त वाटतं ना, मला पण वाटलं होतं. आठ दिवसांत गाडी सगळं अंतर कापते, तुमचं शरीर नाही कापत. चौदा मिळत नसतील तर मुरगाब सोडा, खोरोग आणि वाखान करून परत या, नऊ-दहा दिवसांत छान होतं. निम्म्या दिवसांत पूर्ण रूट करायला जाऊ नका.

२. कागदपत्रं, आणि हे तिकिटाच्या आधी

भारतीय पासपोर्टला ताजिकिस्तानचा ई-व्हिसा मिळतो. अर्ज ऑनलाइन भरताना त्यातच गोर्नो-बदख्शानच्या परमिटचा वेगळा पर्याय असतो, त्यावर टिक करायची आणि त्याचे पैसे वेगळे भरायचे. ही टिक राहते. दर दहा लोकांत एकाची तरी राहतेच असं मला वाटायला लागलंय. व्हिसा हातात आला म्हणून माणूस खुश, आणि परमिट नसेल तर बदख्शानच्या पहिल्या चेकपोस्टवरून परत पाठवतात. अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टवाल्या मराठी मंडळींनी पण लक्ष द्या, तुम्हाला थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नसला तरी हे परमिट लागतंच.

दुशान्बेत पोचल्यावर ओविर नावाच्या ऑफिसातून परमिट काढता येतं, पण त्यात दिवस जातात. आणि खोरोगमधे गडबड झाली की परमिट देणं एकदम थांबतं, मे २०२२ मधे तसं झालं होतं. त्यामुळे घरूनच काढून न्या.

नावाचा घोळ आपल्याकडचा खास आहे. आपल्या पासपोर्टवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनाव दुसऱ्या. फॉर्म भरताना लोक वडिलांचं नाव गाळतात, कारण रोज कुठेच लिहीत नाहीत. इथे गाळू नका. पासपोर्टवर जसं आहे तसं, तेच स्पेलिंग, तोच क्रम. माझ्या एका मित्राच्या व्हिसावर मधलं नाव नव्हतं, चेकपोस्टवरचा शिपाई पासपोर्ट आणि कागद आलटून पालटून बघत अर्धा तास बसला, शेवटी सोडलं पण त्या अर्ध्या तासात मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

परमिटवर जिल्ह्यांची नावं छापलेली असतात. दरवाझ, वंज, रुशान, शुग्नान, रोश्तकला, इश्काशिम, मुरगाब. सगळी आहेत का मोजून बघा, एखादा जिल्हा नसेल तर त्या दिशेला वळता येणार नाही. झोरकुल हे राखीव क्षेत्र आहे, त्याला आणखी वेगळी परवानगी लागते, आणि सारेझ तलावालाही. या दोन्ही पहिल्या ट्रिपमधे नकोतच.

*इथे थांबून बघा:* व्हिसाची प्रिंट, परमिटची प्रिंट, पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. तिन्ही एकत्र स्टेपल करून असे दहा-बारा सेट. प्रत्येक चेकपोस्टवर माणूस तुमचं नाव वहीत हाताने लिहितो, सेट दिला की काम पाच मिनिटात, नाही दिला तर गाडीतले सगळे तुमच्यासाठी खोळंबतात. मोबाइलमधला पीडीएफ दाखवून भागत नाही.

३. कुठून सुरू करायचं

दुशान्बेवरून. यावर मी वाद घालायला तयार आहे.

ओशवरून सुरू केलं तर काय होतं बघा. ओश हजार मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सारी-ताश, ३१७० मीटर. तिसऱ्या दिवशी ४२८० मीटरची किझिल-आर्त खिंड ओलांडून काराकुलला मुक्काम, ३९०० मीटर. म्हणजे दोन रात्रींत तुम्ही जवळपास तीन हजार मीटर वर जाऊन झोपलात. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. तर हे म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्यासारखं झालं, आणि तेही गाडीत बसून, म्हणजे दमल्याचं कळत पण नाही.

दुशान्बेवरून चढ हळूहळू येतो. दुशान्बे ८०० मीटर, कलाई-खुम्ब १२०० च्या आसपास, खोरोग २१००, इश्काशिम २५००, लंगर २८०० च्या वर. शरीराला वेळ मिळतो.

दुसरं कारण बॉर्डरचं. किझिल-आर्तची ताजिक-किर्गिझ चौकी मधली काही वर्षं परदेशी लोकांना बंद होती. मार्च २०२५ मधे दोन देशांचा सीमाकरार झाला आणि मग गोष्टी मोकळ्या झाल्या, पण किर्गिझस्तानचा ई-व्हिसा सगळ्या चौक्यांवर चालत नाही. तुम्हाला दुशान्बे ते ओश असं एका दिशेने जायचंच असेल तर दोन गोष्टी निघायच्या आधी पक्क्या करा, त्या महिन्यात ती चौकी परदेशी लोकांना उघडी आहे का, आणि तुमचा किर्गिझ व्हिसा त्याच चौकीवर चालतो का. दोन्हींचं उत्तर लेखी हो असं येत नाही तोवर परतीचं विमान ओशवरून काढू नका.

४. रात्रीचे मुक्काम लिहा (हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा)

एक कागद घ्या. डाव्या बाजूला तारीख, मधे मुक्कामाचं गाव, उजवीकडे उंची. दिवसा किती उंच खिंडीतून गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात ते जास्त महत्त्वाचं असतं. डॉक्टर लोकांचा सर्वसाधारण नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी.

माझा प्लॅन असा होता, तुम्ही थोडा मागेपुढे करा:

दिवस १ दुशान्बे, आराम आणि पैसे बदलणं. दिवस २ कलाई-खुम्ब. दिवस ३ खोरोग. दिवस ४ खोरोगलाच, काही करायचं नाही. दिवस ५ इश्काशिमवरून वाखानात शिरून यामचुनच्या आसपास किंवा याम्गला. दिवस ६ लंगर. दिवस ७ लंगरलाच, गावाच्या वर कातळावरची जुनी चित्रं आहेत तिथपर्यंत चढून परत खाली, म्हणजे दिवसा वर आणि रात्री खाली असं होतं आणि शरीर तयार होतं. दिवस ८ खारगुश खिंड, ४३४४ मीटर, ओलांडून बुलुनकुल किंवा अलिचुर. दिवस ९ मुरगाब, ३६०० मीटर. दिवस १० मुरगाबवरून अक-बायताल खिंड आणि काराकुल बघून परत मुरगाबला. दिवस ११ सरळ एम ४१ ने खोरोग. दिवस १२ कलाई-खुम्ब, दिवस १३ दुशान्बे. दिवस १४ मोकळा.

यात एक दुखरी जागा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. लंगर ते बुलुनकुल ही झोपायची उंची एकदम ९०० मीटरने वाढते, वरचा नियम तिथे मोडतो, कारण मधे मुक्कामाला गावच नाही. म्हणूनच सातवा दिवस लंगरला ठेवलाय. लोक नेमका तोच दिवस कापतात, की एका गावात दोन दिवस काय करायचं. झोपा, जर्दाळू खा, पण तो दिवस कापू नका.

वेळ कमी पडला म्हणून खोरोगवरून सरळ एम ४१ ने एका दिवसात मुरगाब गाठणं ही दुसरी नेहमीची चूक. २१०० वरून ३६००, मधे ४२७१ मीटरची कोयतेझेक खिंड. परतीला हाच रस्ता चालतो कारण तेव्हा तुम्ही उतरत असता. जाताना नाही.

*धोक्याची खूण:* डोकं थोडं दुखणं, भूक न लागणं, झोप तुटणं हे बऱ्याच जणांना होतं. तेव्हा वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. पण नुसतं बसलेलं असताना धाप लागत असेल, खोकल्यात फेस येत असेल, चालताना तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी गाडी काढून खाली. मुरगाबमधे दवाखाना आहे पण त्यावर विसंबू नका, नीट हॉस्पिटल खोरोगला. आणि आजारी माणसाला एकट्याला ड्रायव्हरबरोबर पाठवू नका, एकाने सोबत जायचं.

डायमॉक्स ही उंचीचा त्रास टाळायला घेतात ती गोळी, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. लडाखला घेतली होती म्हणून उरलेली पट्टी बॅगेत टाकली असं करू नका, जायच्या आधी डॉक्टरला विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. बहुतेकदा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर चढायच्या आदल्या दिवसापासून असं सांगतात. लघवीला सारखं जावं लागतं, बोटांना मुंग्या येतात, ते घाबरण्यासारखं नाही. आणि गोळी घेतलीय म्हणून मुक्कामाचा कागद फाडून टाकायची परवानगी मिळत नाही.

५. गाडी आणि ड्रायव्हर

दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे आपलं वडाप. अगदी तसंच, स्टँडवर गाडी उभी, माणसं भरली की निघते, कधी निघेल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. दुशान्बेहून खोरोगला असं जाता येतं, पण १४ ते १८ तास, कधी त्याहून जास्त, रात्रभर दरीच्या कडेने. खोरोगच्या पुढे वडाप आणखी विरळ होत जातं आणि वाखानात तर लंगरच्या पुढे खारगुशवरून जाणारी गाडी मिळेलच असं नाही. भरपूर वेळ असेल तर करा. चौदा दिवसांच्या ट्रिपला स्वतःची गाडी ठरवणंच बरं, चौघांत वाटून घेतली तर परवडते.

ठरवताना पैशाच्या आकड्यावर घासाघीस करण्यात लोक सगळी ताकद घालवतात आणि त्या आकड्यात काय काय धरलंय ते विचारतच नाहीत. हे विचारा आणि मेसेजवर लिहून घ्या: डिझेल-पेट्रोल कोणाचं. ड्रायव्हरचं जेवण आणि मुक्काम कोणाचा. ओशला सोडणार असाल तर रिकामी गाडी परत न्यायचे पैसे वेगळे आहेत का. स्टेपनी किती, एक नको, दोन पाहिजेत. मागच्या सीटला बेल्ट चालू आहेत का. रोज रात्री कुठे थांबायचं ती गावांची नावं. आणि एखादा आजारी पडला तर प्लॅन सोडून खाली यायचं, याला ड्रायव्हर तयार आहे का, त्याचे पैसे कसे. हा शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला कसंतरी वाटतं पण तो आधी विचारला की नंतर भांडण होत नाही.

आमचा पहिला ड्रायव्हर दिवसाला एक जास्तीचं ठिकाण दाखवायच्या नादात मुक्काम पुढे ढकलायला बघायचा, त्याला वाटायचं पाहुणे खुश होतील. चांगला माणूस होता हो, पण त्याचा जन्मच तिथला, त्याला उंचीचं काय. तुमचा तो कागद त्याला पहिल्याच दिवशी दाखवा आणि खिशात ठेवायला एक कॉपी द्या.

*निघताना तपासा:* टायर स्वतः वाकून बघा. दोन स्टेपन्या डोळ्यांनी बघा. टाकी दुशान्बेत आणि मग खोरोगला फुल. मुरगाबला इंधन मिळतं पण कधी बाटल्या-कॅनमधून आणि कसं असेल ते सांगता येत नाही.

कलाई-खुम्बपासून रुशानपर्यंतच्या पट्ट्यात रस्त्याचं मोठं काम चालू असतं आणि ब्लास्टिंगसाठी काही तास रस्ता बंद ठेवतात. त्या दिवसाचे तास कोणते ते आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरने विचारून ठेवायचं आणि त्याप्रमाणे पहाटे निघायचं. नाहीतर दुपारभर धुळीत उभे.

६. पैसे, फोन, औषधं

चलन सोमोनी. खोरोगला एटीएम आहेत, कधी चालतात कधी नाही. खोरोग सोडलं की कॅशच. ट्रिपचा सगळा खर्च अधिक दोन दिवसांचा जादा, डॉलरमधे घेऊन जा आणि दुशान्बेत व नंतर खोरोगला बदला. नोटा नव्या, घडी न पडलेल्या, शाईचा ठिपका नसलेल्या. फाटकी किंवा लिहिलेली नोट तिकडे कागद समजतात. शंभरच्या थोड्या आणि बाकी वीस, दहा, पाचच्या. होमस्टेला माणशी साधारण १५ ते २५ डॉलरमधे रात्रीचं जेवण, नाश्ता आणि झोपायला गादी असं मिळतं आणि शंभराची सुट्टी तिथे कोणाकडे नसते.

सिम दुशान्बेत पासपोर्ट दाखवून घ्या, बदख्शानात कोणतं चालतं ते दुकानात विचारूनच. खोरोगनंतर नेट आहे असं समजूच नका. घरी आधीच सांगून ठेवा की सातव्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत फोन लागला नाही तर काळजी करायची नाही, हे न सांगितल्यामुळे आमच्या एका मेंबरच्या आईने वकिलातीत फोन लावला होता. ऑफलाइन नकाशे दुशान्बेच्या वायफायवर उतरवा.

औषधांत जुलाबाची गोळी आणि ओआरएस सगळ्यात वर ठेवा. उंचीच्या खालोखाल लोक पोटाने आडवे होतात. होमस्टेत ताजी तुती, जर्दाळू समोर ठेवतात, ती तशीच हाणली की झालं. पाणी उकळलेलं किंवा गोळी टाकलेलं. कोडीन, ट्रॅमाडॉल असलेली औषधं मध्य आशियात अडचणीत आणतात, गरज नसेल तर घरीच ठेवा, असेल तर मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

एक गंमत लक्षात ठेवा, ताजिक भाषेत दोरू म्हणजे औषध आणि दोरूखोना म्हणजे मेडिकल स्टोअर. ड्रायव्हर म्हणाला की तुमच्यासाठी दोरू आणतो तर भलतं समजू नका. पाट्या सगळ्या सिरिलिक लिपीत असतात, विमानात बसल्या बसल्या ती अक्षरं शिकून घ्या, दोन तासांचं काम आहे.

इन्शुरन्स घेताना पॉलिसीत उंचीची मर्यादा किती ते वाचा. बऱ्याच स्वस्त पॉलिसी ठराविक मीटरच्या वर पैसे देत नाहीत. ४६५५ मीटरची अक-बायताल धरून चाला.

७. खाणं, खास करून शाकाहारी मंडळींसाठी

उपाशी मरत नाही, पण कंटाळून मरतो. नान, चहा, अंडी, बटाटे, टोमॅटो-काकडी आणि खालच्या खोऱ्यात फळं, एवढ्यावर दिवस काढायचे. सकाळी शिरचाय मिळतो, म्हणजे दूध, मीठ आणि लोणी घातलेला चहा, त्यात नान कुस्करून खातात. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्या दिवशी हात आपोआप पुढे जातो. मांसाशिवाय हवं तर बे गुश्त म्हणा, रशियनमधे बेझ म्यासा. तरी सूप मटणाचंच असतं आणि वरचे तुकडे काढून तुम्हाला देतात, त्यांच्या हिशोबाने ते शाकाहारी झालं. कडक पाळणाऱ्यांनी सूप घेऊच नये.

बरोबर काय न्यायचं यात पण चूक होते. लोक डाळ-तांदूळ नेतात. मुरगाबच्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं, डाळ तासन्‌तास शिजत बसते आणि तिकडे जळण म्हणजे याकचं वाळलेलं शेण, ते त्या बाईने हिवाळ्यासाठी साठवलेलं असतं. कुकर नसेल तर डाळीचा विचार सोडा. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, सातूचं पीठ, पातळ पोह्यांचा चिवडा, गुळाच्या वड्या. नानबरोबर शेंगदाण्याची चटणी इतकी लागते की आमच्या वाखानातल्या यजमान काकूंनी उरलेला डबा ठेवून घेतला.

८. रस्त्यावर, रोजचा क्रम

सकाळी लवकर निघायचं, हे सवयीसाठी नाही तर ओढ्यांसाठी. वरचा बर्फ दिवसा वितळतो, सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी चारला गाडीच्या दाराला लागतं.

पंजच्या काठाला लघवीला म्हणून देखील रस्ता सोडून खाली उतरू नका. सीमेच्या काही पट्ट्यांत जुने सुरुंग आहेत, दरवाझ भागात जास्त जपा. पाट्या असतीलच असं नाही. जिथे गावकरी चालताना दिसतात तिथेच चाला. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर अफगाण बाजूने झालेल्या हल्ल्यांत सीमेलगत काम करणारे चिनी कामगार मारले गेले, त्यामुळे निघायच्या आठवड्यात आपल्या परराष्ट्र खात्याची आणि दुशान्बेतल्या वकिलातीची सूचना काय आहे ते बघा. परिस्थिती तंग असेल तर ट्रिप पुढे ढकला, तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

सैनिक, चौक्या, पूल यांचे फोटो नाहीत. ड्रोन घरी. होमस्टेत राजकारण काढू नका, तुम्ही निघून जाता, ते तिथेच राहतात.

यामचुनजवळच्या बीबी फातिमाच्या गरम पाण्याच्या कुंडात बायकांची आणि पुरुषांची वेळ वेगळी असते आणि कपडे काढूनच उतरायची पद्धत आहे, पोहायचे कपडे घालून गेलात तर बाकीचे हसतात. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर या, जास्त बसलं की चक्कर येते.

मुरगाबला पोचल्यावर घड्याळाचा घोळ होतो. देशाची अधिकृत वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण मुरगाबची किर्गिझ मंडळी बऱ्याचदा किर्गिझस्तानच्या वेळेने चालतात, म्हणजे एक तास पुढे. उद्या सहाला निघू असं ठरलं तर कुठल्या सहाला ते विचारा. आम्ही विचारलं नव्हतं, पहाटे पाचला दारावर थाप.

ऑगस्टमधे पण रात्री शून्याच्या खाली जातं. डाऊन जाकीट, थर्मल, कानटोपी बॅगेच्या तळाशी नाही, सीटवर. संडास बाहेर, अंधारात पन्नास पावलं, म्हणून हेडटॉर्च उशाशी. वीज असेलच असं नाही, पॉवरबँक खोरोगला भरून घ्या.

घरात शिरताना बूट बाहेर. नान उलटा ठेवायचा नाही, टाकायचा तर नाहीच. पामीरचे बहुतेक लोक इस्माइली, मुंबई-पुण्यातल्या खोजा मंडळींसारखेच आगाखान यांना मानणारे. पुण्याला आगाखान पॅलेस आहे एवढं सांगितलं तरी गप्पा सुरू होतात, मोबाइलमधे त्याचा एक फोटो असू द्या.

९. परतीचा मोकळा दिवस

दुशान्बेहून विमान ज्या दिवशी, त्याच्या आदल्या रात्री दुशान्बेला पोचायचा प्लॅन करू नका, त्याच्याही आदल्या दिवशी पोचा. दरड, टायर, ब्लास्टिंग, यातलं एक तरी होतंच. खोरोग-दुशान्बे विमान कधी असतं पण ते हवेवर अवलंबून, त्याच्या जोरावर हा दिवस वाचवता येत नाही. आमचा तो चौदावा दिवस वंजच्या अलीकडे एका दरडीसमोर गेला, समोरच्या ट्रकवाल्याने टरबूज कापलं होतं, आम्ही लसणाच्या चटणीचा शेवटचा डबा काढला, आणि रस्ता सुटला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.